पोटरीतला निखारा : मणक्याची गादी, रक्तातला दाह आणि एका हमालाची चिठ्ठी

१

वडील वारले त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीच्या आवराआवरीत त्यांची पत्र्याची पेटी उघडली. सातबाराचा एक उतारा, हमालीचा पितळी बिल्ला, कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळातल्या दोन-तीन पावत्या आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले दवाखान्याचे कागद. त्यांत प्रयोगशाळेची तळहाताएवढी एक चिठ्ठी होती. तारीख नोव्हेंबर १९८४ ची. नाव, वय ४२, आणि खाली एकच ओळ : ई. एस. आर., पहिल्या तासाला ८६ मिलिमीटर. आकड्याखाली लाल शाईची रेघ. त्या रेघेपुढे मात्र कोणी काही लिहिलेले नव्हते.

आमचे गाव दारव्हा तालुक्यातले. मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्हामार्गे यवतमाळला येणारी ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी घातली गेली ती वऱ्हाडच्या कापसासाठी. वडिलांचे आयुष्य त्याच कापसाखाली गेले. हंगामात कापसाचे बोजे, मग सरकीची पोती, मग गाठी. आजची प्रमाण गाठ १७० किलोची असते. ती एकट्याने उचलण्याची वस्तू नव्हे, पण ती कलवायला, ढकलायला, गाडीत बसवायला माणसाचीच पाठ लागत असे. १९८४ च्या जानेवारीत पोते पाठीवर घेताना त्यांच्या कंबरेत कड्कन आवाज झाला. आठ दिवसांत दुखणे कंबरेतून उतरून डाव्या पायात गेले. “पोटरीत निखारा ठेवल्यावानी वाटते रे,” असे ते म्हणत. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो.

नऊ महिने घरगुती उपाय झाले. शेवटी घरातली गाय विकून नागपूरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे : “निखारा गेला.” खरेच गेला होता. तीन आठवडे ते सुखात होते. चौथ्या आठवड्यात दुखणे परत आले, पण वेगळे. आता पायात नव्हते, कंबरेत होते. कूस बदलली तरी ते ओरडत. तपासणीला नेले तेव्हा सांगण्यात आले की शस्त्रक्रिया उत्तम झाली आहे, आता हे मनाचे दुखणे आहे, कामाला जायचे नाही म्हणून असे होते. ई. एस. आर. ची ती चिठ्ठी त्याच भेटीतली.

मी डॉक्टर नाही. एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. वाचनाची सवय तालुक्याच्या वाचनालयाने लावली. ती चिठ्ठी सापडल्यावर मात्र त्या एका आकड्याचा अर्थ लावण्यासाठी मी जे मिळेल ते वाचत गेलो. त्यातून हाती लागलेला इतिहास वाचकांपुढे ठेवतो आहे. हा इतिहास एका प्रश्नाचा आहे : दुखणे दिसत नाही, मग त्याची साक्ष कोणी द्यायची?

२

हे दुखणे जुनेच आहे. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही त्याला ‘गृध्रसी’ म्हटले. चरकसंहितेत दुखण्याचा रस्ता क्रमाने सांगितला आहे : आधी कुल्ला, मग कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल. आजचा डॉक्टर हाच रस्ता बोटाने पायावर काढून दाखवतो. सुश्रुताने आणखी एक गोष्ट टिपली आहे : अशा रोग्याला पाय वर उचलता येत नाही, तो जणू कोणी धरून ठेवलेला असतो. हे निरीक्षण वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते युरोपात पुन्हा भेटणार आहे. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून हे नाव, असे वैद्य सांगतात. उपचारांत बस्ती, शिरावेध आणि अग्निकर्म, म्हणजे डाग देणे, यांचा उल्लेख येतो.

आमच्याकडे शास्त्र कमी आणि रीत जास्त होती. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचे. जो जन्मताना पायांकडून आला तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. आमच्या आळीत एक पायाळू म्हातारी होती, तिने वडिलांच्या कंबरेला तीनदा पाय लावला. मग बिब्बा घातला. त्याने कातडी उतली आणि दुखणे तसेच राहिले. मग पोटरीवर डाग दिला. डागाने दोन दिवस बरे वाटले, कारण नव्या जखमेपुढे जुने दुखणे थोडे मागे सरते. या उपायांना मी हसत नाही. त्यांत एक गोष्ट गृहीत होती : माणूस दुखते म्हणतो, तर ते दुखते आहे. नऊ महिन्यांत कोणाही वैदूने वडिलांना खोटे ठरवले नाही.

३

युरोपात या विकाराचे पहिले स्वतंत्र पुस्तक १७६४ साली नेपल्सच्या डोमेनिको कोटुन्यो या वैद्याने लिहिले. त्याच्या आधी हे दुखणे खुब्याच्या सांध्याचे समजत. कोटुन्योने ते सांध्यापासून वेगळे काढून मांडीतून उतरणाऱ्या मोठ्या मज्जातंतूचे ठरवले. त्यानंतर शंभर वर्षांनी, १८६४ मध्ये, पॅरिसच्या शार्ल लासेग याने सायटिकेवर लेख लिहिला. उताणे झोपवून सरळ पाय वर उचलायचा आणि दुखते का पाहायचे, या चाचणीला आज त्याचे नाव आहे. प्रत्यक्षात ती त्याच्या फोर्स्ट नावाच्या विद्यार्थ्याने १८८१ च्या प्रबंधात मांडली. त्याच्या एक वर्ष आधी सर्बियातल्या लाझा लाझारेविच याने तीच चाचणी स्वतंत्रपणे वर्णिली होती आणि पाय उचलल्याने मज्जातंतू ताणला जातो, हे कारणही दिले होते. वाङ्मयाच्या वाचकांना सांगण्यासारखे म्हणजे हा लाझारेविच त्याच्या भाषेतला मोठा कथाकार म्हणून ओळखला जातो. सुश्रुताने पाहिलेला ‘धरून ठेवलेला पाय’ अशा रीतीने एका कथालेखकाच्या हातून चाचणी झाला.

मज्जातंतू दुखतो हे कळले. का दुखतो हे कळायला आणखी सत्तर वर्षे गेली.

पाठीच्या दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. बाहेर चिवट धाग्यांचे कडे आणि आत मऊ, लिबलिबीत गाभा. अपघातात ही गादी फाटल्याच्या नोंदी १८५७ मध्ये फिर्को याने आणि १८९६ मध्ये कोखर याने केल्या होत्या. पण मला अडवून ठेवले ते १९११ सालच्या ग्लासगोच्या नोंदीने. मिडलटन आणि टीचर या दोघांनी एका मजुराची हकीकत लिहिली आहे. जड वस्तू उचलताना त्याच्या पाठीत कट् झाले, दोन्ही पाय लुळे पडले आणि काही दिवसांनी तो दगावला. शवविच्छेदनात गादीचा गाभा मागे मज्जारज्जूच्या पोकळीत घुसलेला आढळला. म्हणजे ओझ्याने गादी फुटते याचा स्पष्ट पुरावा जगाला एका ओझे उचलणाऱ्या माणसाच्या देहातूनच मिळाला.

तरीही दुवा जुळत नव्हता. १९०८ च्या सुमारास बर्लिनमध्ये फेडोर क्राउझे याने अशा रोग्याच्या पाठीतून एक गोळा काढला. रोगी बरा झाला, पण गोळ्याला नाव पडले ‘कूर्चेची गाठ’. पुढे वीस-पंचवीस वर्षे शल्यविशारद असेच गोळे काढत राहिले आणि त्यांना गाठी म्हणत राहिले. १९३२ साली बोस्टनमध्ये जोसेफ बार या अस्थितज्ज्ञाच्या रोग्यावर विल्यम मिक्स्टर याने शस्त्रक्रिया केली. काढलेला तुकडा बारने निरोगी गादीशेजारी ठेवून पाहिला आणि ती गाठ नसून फाटलेली गादीच आहे हे ओळखले. मग दोघांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले जुने नमुने बाहेर काढले. ‘गाठ’ अशी चिठ्ठी लावलेल्या नमुन्यांतले बरेच गादीचे तुकडे निघाले. १९ रोग्यांचा त्यांचा लेख २ ऑगस्ट १९३४ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला आणि सायटिकेचा इतिहास दोन भागांत विभागला गेला.

त्या लेखाने एक चित्र जगाच्या डोक्यात बसवले : गादी सरकते, नस दाबते, म्हणून दुखते, दाब काढा, दुखणे जाईल. ‘स्लिप डिस्क’ हा शब्द त्यातूनच आला. वास्तविक गादी सरकत नाही, तिचे कडे फाटून गाभा बाहेर येतो. आमच्या जिल्ह्यात तर रोगी सांगतात, ‘मणक्यात गॅप आली.’ खरे उलटे आहे. गादी झिजली की मणक्यांमधले अंतर कमी होते.

४

दाबाचे चित्र सोपे होते, म्हणून टिकले. पण ते पूर्ण नव्हते. एक साधी अडचण पाहा. हाताच्या नसेवर दाब आला तर हात बधिर होतो, मुंग्या येतात. निखारा ठेवल्यासारखे जळत नाही. मग कंबरेतल्या नसेलाच हे जळणे कुठून आले?

१९५१ मध्ये स्वीडनमध्ये लिंडाल आणि रेक्सेड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी नसेच्या मुळाचे सूक्ष्म तुकडे तपासले आणि त्यांत सूज व दाहाच्या खुणा पाहिल्या. १९५८ मध्ये स्मिथ आणि राइट यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तो वाचताना अंगावर काटा येतो. शस्त्रक्रिया करताना त्यांनी नसेच्या मुळाला आणि आसपासच्या भागांना नायलॉनचे दोरे अडकवले, दोऱ्यांची टोके कातडीबाहेर काढून ठेवली आणि रोगी शुद्धीवर आल्यानंतर ती हळूच ओढली. ज्या मुळावर गादी आलेली होती त्याचा दोरा ओढला तरच पायातले ते ओळखीचे दुखणे उठे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या कुस्लिच आणि सहकाऱ्यांनी तेच दुसऱ्या रीतीने दाखवले. १९३ रोग्यांवर फक्त तेवढा भाग बधिर करून, रोगी जागा असताना शस्त्रक्रिया केली आणि एकेका भागाला स्पर्श करून विचारले. निरोगी नसेला धक्का लावला तर फारसे काही होत नव्हते. सुजलेल्या, ताणलेल्या नसेला लावला की सायटिका उठे. म्हणजे दाबाआधी नस हुळहुळी झालेली असावी लागते.

दुसऱ्या बाजूनेही चित्राला तडा गेला. एम. आर. आय. आल्यावर १९९४ मध्ये कंबर कधी न दुखलेल्या ९८ माणसांच्या मणक्यांची चित्रे काढली गेली. त्यांतल्या ५२ टक्के लोकांच्या निदान एका जागी गादी फुगलेली होती आणि २७ टक्क्यांत ती पुढे आलेली होती. दुखत मात्र कोणाचेच नव्हते. फोटोत दिसते पण दुखत नाही, आणि दुखते पण फोटोत दिसत नाही, अशी दोन्ही माणसे जगात आहेत.

हुळहुळेपणा कुठून येतो, याचे उत्तर गोथेनबर्गच्या एका प्रयोगशाळेने दिले. १९९३ मध्ये शेल ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी डुकराच्याच गादीतला गाभा काढून त्याच्याच नसांच्या मुळांवर नुसता ठेवला. दाब अजिबात दिला नाही. तुलनेसाठी दुसऱ्या डुकरांत चरबी ठेवली. चरबीने फारसे काही झाले नाही. गाभ्याने नसेचा संदेशवहनाचा वेग घटला आणि तिची रचना बिघडली. गादीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. जन्मापासून तो कड्याच्या आत कोंडलेला असतो, म्हणून शरीराच्या पहारेकरी पेशींची आणि त्याची कधी गाठच पडलेली नसते. कडे फाटून तो बाहेर आला की त्याला परका समजून त्या पेशी तुटून पडतात. १९९० च्या दशकात बाहेर आलेल्या गाद्यांच्या तुकड्यांत दाह पेटवणारी रसायने एकेक करून सापडली : फॉस्फोलायपेज ए-२, प्रोस्टाग्लँडिन ई-२, इंटरल्यूकिन-६ आणि टी. एन. एफ. अल्फा.

वडील ‘निखारा’ म्हणत होते. आयुर्वेदाने वाताचे नाव घेतले, पाश्चात्त्य वैद्यकाने साठ वर्षे दाबाचे. पोटरीत विस्तव आहे हे सांगणारा हमाल रसायनशास्त्राच्या जास्त जवळ होता, असे मला आता वाटते.

या दाहाला दुसरी बाजूही आहे. ज्या पेशी नसेला पोळतात त्याच बाहेर आलेला तुकडा हळूहळू खाऊन टाकतात. कड्यातून पूर्ण सुटून बाहेर पडलेले मोठे तुकडे काही महिन्यांत आपोआप विरघळण्याची शक्यता अधिक असते, हे चित्रांवरून सिद्ध झाले आहे. पुष्कळ रोगी चिरफाडीवाचून बरे होतात ते याच कारणाने. चूल स्वयंपाकही करते आणि घरही जाळते, तसे हे आहे.

५

आता चिठ्ठीकडे येऊ. दाह पाठीच्या आत, कोणाला न दिसणाऱ्या जागी असतो. तो रक्तात कसा वाचायचा?

रक्त गोठू न देता काचेच्या उभ्या नळीत ठेवले तर तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर द्रव उरतो. दाह असलेल्या माणसात त्या लवकर बसतात. पोलंडच्या एडमुंड बिएरनात्स्की याने १८९७ मध्ये यावर लिहिले. १९१८ मध्ये स्वीडनच्या रॉबिन फोरेउस याला तीच गोष्ट गर्भवती स्त्रियांच्या रक्तात दिसली आणि १९२१ मध्ये आल्फ वेस्टरग्रेन याने क्षयरोग्यांसाठी तिची पद्धत बसवली. तीच ई. एस. आर. चाचणी. एक लांब नळी, सायट्रेट आणि एक तास; विजेचीही गरज नाही. म्हणून ती तालुक्याच्या गावापर्यंत पोचली.

ती स्वस्त आहे आणि भोळीही आहे. दाहात यकृत फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन जास्त तयार करते. त्याने तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन बसतात. पण पंडुरोग असला तरी आकडा चढतो, वय वाढले तरी चढतो, गरोदरपणात चढतो. उलट सिकलसेलच्या रोग्यात तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या झाल्याने त्यांची चळत लागत नाही आणि दाह असूनही आकडा खाली राहू शकतो. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि दलित समाजांत, सिकलसेल आहे. बायकांत पंडुरोग तर घरोघरी आहे. म्हणजे आमच्या जिल्ह्यात हा आकडा माणूस पाहून वाचावा लागतो.

दुसरी चाचणी पुढे आली. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात एक पदार्थ सापडला. तो न्यूमोनियाच्या जंतूच्या ‘सी’ नावाच्या घटकाशी जुळून साका तयार करत असे. तेच सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सी. आर. पी. इंटरल्यूकिन-६ चा निरोप पोचला की यकृत ते तयार करते. काही तासांत ते चढते आणि कारण संपले की झपाट्याने उतरते. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या गावातल्या निरक्षर बायकाही ‘सीआरपी किती आला?’ असे विचारत होत्या. नव्वद वर्षे प्रयोगशाळेत राहिलेला शब्द दोन महिन्यांत ओसरीवर आला.

शस्त्रक्रियेनंतर हे दोन आकडे कसे वागतात? चिरलेल्या मांसाचा स्वतःचा दाह असतोच, म्हणून निरोगी भरणाऱ्या जखमेतही ते चढतात. प्रश्न उतरण्याचा आहे. १९९२ मध्ये स्वीडनच्या थेलँडर आणि लार्सन यांनी मणक्याच्या शस्त्रक्रियांनंतर दोन्ही नियमित मोजले. सी. आर. पी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर जाऊन एक-दोन आठवड्यांत पूर्ववत होत होते. ई. एस. आर. चार-पाच दिवसांनी शिखर गाठून तीन ते सहा आठवडे रेंगाळत उतरत होता. याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. उतरत चाललेला आकडा फिरून चढू लागला, आणि गेलेले दुखणे कंबरेत परतले, तर रिकाम्या झालेल्या गादीच्या जागेत जंतू शिरले असतील अशी शंका आधी घ्यायची. गादीच्या शस्त्रक्रियेनंतर हे शंभरातून जेमतेम एखाद्याला होते. ताप असतोच असे नाही. टाके वरून कोरडे दिसतात. एक्स-रेत पहिले काही आठवडे काही उमटत नाही. तोवर बोलतात दोघेच : रोगी आणि त्याचे रक्त.

पाचव्या आठवड्यात ८६ मिलिमीटर. वडिलांच्या शस्त्रक्रियेआधीचा आकडा त्याच पिशवीतल्या दुसऱ्या कागदावर आहे : १४.

रोगी बोलला होता, रक्तही बोलले होते.

१९८४ साली सी. आर. पी. नेहमीच्या तपासण्यांत नव्हते, एम. आर. आय. तर आमच्यासारख्यांना ऐकूनही ठाऊक नव्हते, हे मी विसरत नाही. रोग्यांची रीघ, अपुरे डॉक्टर हेही खरे. पण अशा जंतुसंसर्गात ई. एस. आर. चढतो, हे १९५० च्या दशकापासून छापलेले होते. आणि कोणीतरी त्या आकड्याखाली लाल रेघ मारली होती. आकडा पाहिला गेला. माणसाच्या बोलण्याशी तो जोडला गेला नाही.

पुढची हकीकत थोडक्यात. १९८५ च्या जानेवारीत दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला. तोवर दोन मणक्यांच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या. त्यांनी प्लास्टर घातले, प्रतिजैविके दिली. पावसाळ्यापर्यंत वडील चालू लागले. ते दोन मणके एकमेकांना कायमचे जुळून गेले. पोते त्यांनी पुन्हा उचलले नाही. एका जिनिंगवर रात्रीची राखण करून त्यांनी आम्हा भावंडांना वाढवले.

६

इथेच लेख संपवला तर तो अर्धा राहील. कारण माझ्या मनातही काही वर्षे असे होते की रक्तातला आकडा हाच दुखण्याचा खरा साक्षीदार. पुढचे वाचन केले तेव्हा ती समजूत ढिली झाली.

दाहच कारण असेल तर दाह विझवणारे औषध द्यावे आणि चिरफाड टाळावी, हा विचार फिनलंडमध्ये करून पाहिला गेला. टी. एन. एफ. अल्फाला अडवणारे औषध दहा रोग्यांना दिले आणि निकाल आश्चर्यकारक वाटला. मग ४० रोग्यांवर रीतसर तुलना झाली, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसते सलाइनचे पाणी. २००५ च्या सुमारास एक वर्षाचे निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. पाणी घेतलेलेही तितकेच बरे झाले होते. निखारा एकाच लाकडाचा नव्हता.

१९९७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेनंतरही ज्यांचे दुखणे टिकले अशांचे रक्त आणि लाळ तपासली. त्यांच्यात इंटरल्यूकिन-६ जास्त आढळले आणि शरीराचे स्वतःचे दाहशामक संप्रेरक, कॉर्टिसॉल, सकाळी जितके चढायला हवे तितके चढत नव्हते. दीर्घ ताणाने कॉर्टिसॉलची ही घडी विस्कटते. म्हणजे ‘मनाचे दुखणे’ आणि ‘शरीराचे दुखणे’ अशी जी भिंत आपण घालतो ती रक्तात सापडत नाही. कर्ज, मोडलेला हंगाम, घरची चिंता यांचाही एक रस्ता नसेपर्यंत जातो. पण त्यामुळे दुखणे खोटे ठरत नाही. उलट त्याची आणखी एक कारणपरंपरा कळते.

शस्त्रक्रियेचा हिशेबही सरळ नाही. नॉर्वेच्या हेन्रिक वेबर याने १२६ रोग्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली आणि दहा वर्षे पाठपुरावा केला. १९८३ मधला त्याचा निष्कर्ष : एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेले अधिक सुखी, चार वर्षांनंतर फरक पुसट, दहा वर्षांनंतर जवळजवळ नाहीच. नेदरलँड्समध्ये २८३ रोग्यांचा असाच अभ्यास २००७ मध्ये आला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांचे दुखणे लवकर थांबले, वर्षअखेर दोन्ही गट सारखे झाले. मात्र थांबायला सांगितलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना दरम्यान शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली. लघवीवरचा ताबा गेला किंवा पाय झपाट्याने लुळा पडू लागला, तर थांबण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे तास मोजायचे असतात. एरवी शस्त्रक्रिया मुख्यतः वेळ विकत घेते.

पण वेळेची किंमत सगळ्यांना सारखी नसते. पगारी माणूस वर्षभर थांबू शकतो. कापूस वेचणारीचा हंगाम दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचा असतो. ती थांबली तर वर्ष गेले. नेदरलँड्सच्या किंवा नॉर्वेच्या आकड्यांत हा हिशेब धरलेला नाही, तो आपण धरायचा आहे.

७

वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज एम. आर. आय. साठी नागपूरची एस. टी. धरावी लागत नाही. सी. आर. पी. चा आकडा दुपारपर्यंत मोबाइलवर येतो. साधने आली, हे निर्विवाद.

ओझे मात्र तिथेच आहे. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलोची शिफारस केली, १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. बाबा आढावांसारख्यांनी पोत्याचे वजन कमी व्हावे म्हणून आयुष्य वेचले. शेतात तो कायदा पोचत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फवारणीच्या विषबाधेची बातमी देशभर गेली आणि जायलाच हवी होती. पण त्या पंपाच्या वजनाबद्दल कोणी बोलले नाही. सोळा लिटरचा भरलेला पंप वीस किलोच्या घरात जातो. तो पाठीवर घेऊन माणूस चिखलात दिवसभर चालतो. बाई ओटीत कापूस साठवत सकाळपासून कंबरेत वाकलेली असते. त्यांच्या गाद्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही.

गेल्या वर्षी आमच्या शेजारची एक वेचणारी बाई शस्त्रक्रिया होऊन आली. महिनाभराने ती म्हणाली, “भाऊ, पायाचं गेलं, पन आता कंबर लय दुखते, झोप नाही लागत.” घरचे म्हणाले, काम टाळते. मी तिच्या कागदांतला सी. आर. पी. चा आकडा पाहिला. अगदी साधारण होता. तरी मी म्हटले, पुन्हा दाखवून या, आणि दुखते हे घाबरू नका, नीट सांगा. तिला जंतुसंसर्ग नव्हता. रक्तातल्या आकड्याने ते सांगितले आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण दुखणे होते. डॉक्टरांनी ते ऐकून घेतले, व्यायाम दाखवले, औषध बदलले, तीन महिने वाकायचे काम बंद असे घरच्यांना बजावले. तिची सासू आता तिच्या वाट्याची धुणी धुते.

आकडा चढलेला असेल तर त्याने रोग्याच्या बाजूने साक्ष द्यावी. आकडा साधारण असेल तर त्याने भीती घालवावी. पण साधारण आकड्याच्या आधारावर कोणाला खोटे ठरवू नये, कारण नसेच्या मुळाशी जळणारा दाह इतका लहान असू शकतो की हाताच्या शिरेतल्या रक्ताला त्याची खबरही लागत नाही. दोनशे साठ वर्षांच्या या इतिहासात प्रत्येक पिढीला वाटले की आता कारण सापडले आणि प्रत्येक पिढीने त्या कारणात न बसणाऱ्या रोग्याला संशयाने पाहिले.

ती चिठ्ठी मी परत पेटीत ठेवली आहे. तिच्या मागच्या बाजूला तारीख घालून लिहिले आहे : ‘गादीच्या जागेत जंतुसंसर्ग. दुखणे खरे होते.’ वडिलांना ते माहीतच होते. मला लिहून ठेवायचे होते.